नवे पॅड टाकले तरी ब्रेक किंचाळतायत, आता काय करू?

दोनसीटवाली

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत बसायचे, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता डोकं उठलंय. माझ्याकडे एक जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, सेकंडहँड घेतलेली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, ब्रेक पुढे चार पिस्टनचे फिक्स्ड कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) आणि मागे साधे एका पिस्टनचे सरकणारे. गाडी पळते झकास, थांबते पण झकास, फक्त थांबताना शेवटच्या दहा-पंधरा फुटांत अशी कुईंऽऽऽ करून ओरडते की सिग्नलला उभे असलेले सगळे मान वळवून बघतात. आधी गाडीकडे बघतात, मग माझ्याकडे, मग हसतात. काच वर करून घ्यावीशी वाटते.

आता आधीची कहाणी. तीन आठवड्यांपूर्वी चारही चाकांचे पॅड नवे टाकले. डिस्क जुन्याच ठेवल्या, जाडी मोजून घेतली होती, डिस्कवर कमीत कमी जाडीचा जो आकडा कोरलेला असतो त्याच्यापेक्षा अजून बरीच वर आहे. पहिले दोन-तीन दिवस एकदम शांत, मग सुरू झालं. हलका ब्रेक दाबला की ओरडते, जोरात दाबला की गप्प. सकाळी गार असताना जास्त आणि पार्किंगमधून रिव्हर्स काढताना तर हमखास. ब्रेकला पाय न लावता चालवली की काही आवाज नाही. स्टिअरिंग थरथरत नाही, पेडल घट्ट आहे, गाडी एका बाजूला ओढत नाही.

ज्यांनी पॅड बसवले त्यांच्याकडे परत गेले तर म्हणाले स्पोर्ट्स कारचे ब्रेक असेच असतात, गाण्याचा आवाज वाढवा. दुसरीकडे दाखवली तर म्हणे चारही डिस्क, चारही चाकांचे पॅड, सगळं नवं टाका. एक म्हणतो काहीच करू नका, एक म्हणतो सगळंच करा, मधलं काही असतं की नाही? धोका आहे का, आणि घरी स्वतः काही करता येईल का? चाक खोलणं, ऑइल बदलणं एवढं मी स्वतः करते, ब्रेकमध्ये मात्र अजून हात घातलेला नाही.

हळूच_दाब

भाऊ टेन्शन नको घेऊ, माझ्या पण गाडीचं सेम झालं होतं. गंज सोडवायचा स्प्रे मिळतो ना, तो चाकाच्या फटीतून डिस्कवर मारला, आवाज जागेवर बंद. दोन मिनिटांचं काम आहे.

गॅरेजमधला_काका

वरचा उपाय कृपा करून कोणीही करू नका. हा रोगापेक्षा इलाज भयंकर आहे. आवाज बंद झाला कारण पॅड आणि डिस्क एकमेकांना धरायचेच बंद झाले. पॅड सच्छिद्र असतो, तेल आत शोषून घेतो, मग तुम्ही डिस्क कितीही पुसा, गरम झाला की तो परत तेल सोडतो. हळूच_दाब, तुमच्यावर राग नाही, पण आज गाडी बाहेर काढायच्या आधी मोकळ्या जागेत अगदी हळू वेगात ब्रेक लागतो का बघा आणि मग काय झालं ते सांगा.

आता ताई, तुमच्याकडे वळतो. (नावात 'वाली' आहे म्हणून ताई म्हणतोय, वरच्यांनी भाऊ करून टाकलं.)

पहिल्यांदा धोक्याचं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हा जीव घेणारा आवाज वाटत नाही. ब्रेक न दाबताच चिरका आवाज येत असेल आणि दाबला की जात असेल, तर पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला लागतेय असं समजायचं. ती मुद्दाम बसवलेली असते, पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ओरडून सांगायला. खरखर, करकर असा लोखंड खरवडल्यासारखा आवाज असेल तर गाडी तिथेच उभी करायची, पॅड संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला घासतेय. किंवा नशीब चांगलं असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय. हा खडा भल्याभल्यांना घाम फोडतो, आवाज असा की वाटतं चाक निखळून पडतंय, आणि निघतो एवढुसा. तुमचं यातलं काहीच दिसत नाही.

तुमचा आवाज म्हणजे कंप आहे. फळ्यावर खडू सरळ उभा धरून ओढला की कसा अंगावर काटा आणणारा आवाज येतो, आणि तोच खडू अर्धा मोडला किंवा तिरका धरला की गप्प होतो, तसंच हे. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, हे सेकंदाला हजारो वेळा चालतं, आणि डिस्क म्हणजे शेवटी ओतीव लोखंडाची थाळीच, ती घंटेसारखी वाजायला लागते. ब्रेकची ही किंचाळी साधारण १ ते १६ हजार हर्ट्झमध्ये असते आणि आपला कान नेमका २ ते ५ हजाराच्या आसपास सगळ्यात तिखट, म्हणून एवढीशी गोष्ट एवढी बोचते.

यातूनच एक परीक्षा निघते. गाडी हळू होत जाते तसा आवाजाचा सूर बदलतो का नीट ऐका. सूर एकच राहिला तर तो कंप, कारण घंटा कितीही हळू वाजवली तरी तिचा सूर तोच असतो. आणि चाकाच्या फेऱ्याबरोबर चिक… चिक… चिक असं येत असेल आणि वेगाबरोबर जलद-संथ होत असेल तर काहीतरी नुसतं घासतंय, ते वेगळं प्रकरण.

दुसरं, कोणतं चाक ओरडतंय ते शोधा. गाडीत बसून कधीच कळत नाही, पुढचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. लांब भिंत असेल तिथे काचा खाली करून भिंतीला धरून चालण्याच्या वेगाने जा आणि हलका ब्रेक लावा, मग तोंड फिरवून उलटी या म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येईल. भिंत आवाज परत फेकते, लगेच कळतं. जमलं तर बाहेर कोणालातरी कान देऊन उभं करा. एवढं करून सांगा, मग पुढचं बोलू. तोवर नवीन डिस्क घेऊ नका.

ट्रॅकवेडा

काकांशी सहमत. पण पॅड कोणत्या प्रकारचे टाकलेत ते ताईंनी लिहिलंच नाही आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. ऑरगॅनिक पॅड मऊ आणि शांत, पण तापले की पकड सोडतात. सिरॅमिक शांत आणि धूळ कमी. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा भुगा भरपूर, उष्णता सहन करतात, चावतात मस्त, पण आवाज करणारच. आणि अस्सल ट्रॅकचे पॅड असतील तर विषयच संपला, ते तापल्याशिवाय धड कामच करत नाहीत आणि गार असताना ट्रकसारखे ओरडतात. माझ्याकडे दोन सेट आहेत, ट्रॅकला जायच्या आदल्या दिवशी बदलायचे आणि आल्यावर परत रोजचे टाकायचे. कंटाळा येतो, पण ट्रॅकचे पॅड घालून रोज भाजी आणायला जायचं आणि वर आवाजाची तक्रार करायची याला अर्थ नाही. उलट्या बाजूने पण सांगतो, आवाज नको म्हणून मऊ पॅड टाकून ट्रॅकवर गेलात तर तिसऱ्या फेरीत पेडल दाबाल आणि गाडी थांबणार नाही.

आणि डिस्कवर खाचा असतील तर जोरात ब्रेक लावल्यावर घर्रर्र असा आवाज येतो, तो खाचांचाच, त्याच्या मागे लागू नका. कार्बन-सिरॅमिक डिस्कवाल्यांचं दुखणं अजून वेगळं, वजनाला लोखंडाच्या साधारण निम्म्या, ट्रॅकवर सोनं, पण सकाळी गार आणि ओलसर असल्या की एवढ्या महागड्या गाडीतून असा आवाज येतो की मालक खाली मान घालतो. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ वर त्या दिल्या तेव्हापासून हे चालूच आहे.

दोनसीटवाली

ताई म्हणा, चालेल :)

काका, भिंतीचा प्रयोग केला. शेजारच्या मुलाला बाहेर उभं केलं होतं, त्याला फार मजा आली. पुढची दोन्ही चाकं ओरडतात, डावं जास्त. सूर शेवटपर्यंत एकच. आणि मागच्या डाव्या चाकातून वेगळाच बारीक चिंव-चिंव, तो मात्र वेगाबरोबर बदलतो, हा मला गाडीत बसून कधी ऐकूच आला नव्हता.

पॅडच्या खोक्यावर सेमी-मेटॅलिक लिहिलंय, रस्त्यासाठीचेच आहेत, ट्रॅकचे नाहीत. आधीचे पॅड वेगळ्या कंपनीचे होते. आणि हो, नवे पॅड म्हणून पहिला आठवडाभर मी गाडी अगदी जपून चालवली, ब्रेक हळूच लावायचे. ते चांगलंच केलं ना?

गॅरेजमधला_काका

नाही ना ताई, तिथेच घोटाळा झाला असणार.

ब्रेक म्हणजे नुसता पॅड डिस्कवर घासणं नव्हे. चांगल्या बसलेल्या ब्रेकमध्ये पॅडच्या मालाचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढलेला असतो आणि पॅड त्या थरावर काम करतो. तुमच्या डिस्कवर जुन्या पॅडचा थर होता, त्यावर नवा वेगळ्याच मालाचा पॅड आला आणि तुम्ही तो हळूहळू गोंजारत राहिलात, म्हणजे नवा थर कुठे बसला कुठे नाही आणि पॅडचं तोंड काचेसारखं गुळगुळीत झालं. पहिले दोन-तीन दिवस पॅड कोरा होता तोवर शांत, गुळगुळीत झाला की ओरडायला लागला, अगदी तुमच्याच वर्णनाबरहुकूम. पॅड लावून देणाऱ्यांनी तुम्हाला हे सांगायला हवं होतं.

आता खोलायचं. एका वेळी एकच चाक खोला म्हणजे काही विसरलं तर दुसऱ्या बाजूचं बघता येतं. नुसत्या जॅकवर कधीही नाही, खाली स्टँड लावा, उरलेल्या चाकांना अडण लावा. पुढच्या फिक्स्ड कॅलिपरला आडव्या दोन पिना असतात, पंच आणि हलक्या हातोडीने बाहेर सरकतात, त्यांना दाबून धरणारी स्प्रिंगची पट्टी उडते म्हणून तिच्यावर बोट ठेवा. मग पॅड वरून उपसायचे. कुठला पॅड कुठल्या बाजूचा ते मार्करने पाठीवर लिहून ठेवा, पाठीवर बाण असेल तर तो चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला येतोय ना ते बघा. पॅड परत बसवताना पिस्टन थोडे मागे ढकलावे लागतील, तेव्हा ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष, वर येऊन सांडलं तर रंग खाऊन टाकतं, लगेच पाण्याने धुवायचं.

बघायचं काय, तर पॅडचे कान कॅलिपरमध्ये जिथे टेकतात ती जागा. पॅड तिथे बोटाने ढकलल्यावर सरकला पाहिजे. अडकत असेल तर तो दाबल्यावर पुढे जातो पण सोडल्यावर मागे येत नाही, आणि तिरका बसतो. तिथला गंज आणि जुनी धूळ वायर ब्रशने काढा. धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसायची. पॅडच्या पाठीला पातळ पत्र्याची शिम असते ती आहे का बघा. बऱ्याच वेळा नवे पॅड टाकताना जुन्या शिम कचऱ्यात जातात आणि नव्या कोणी मागवत नाही. पॅड आणि पिस्टनच्या मध्ये कंप गिळणारं तेवढंच काय ते असतं हो.

पॅडचं तोंड चमकत असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, १२० नंबरचा पुरे, पॅड त्यावर आठच्या आकड्यासारखा फिरवा, चमक गेली की थांबा, पॅड खायचा नाहीये. तोंडाला मास्क. मग पॅडच्या पुढच्या आणि मागच्या कडेला कानशीने साधारण ४५ अंशात उतार काढा, दोन-तीन मिलिमीटरचा. खडू तिरका धरल्यासारखं होतं ते. बऱ्याच पॅडना हा उतार कंपनीतूनच असतो, असेल तर हात लावू नका. डिस्कला पण तोच पेपर, पण एका दिशेने गोल गोल नाही, आडवातिडवा, म्हणजे जुना थर तुटेल.

शेवटी ग्रीस, आणि इथेच लोक माती खातात. ब्रेकचंच, जास्त उष्णता सहन करणारं सिरॅमिक किंवा सिलिकॉन ग्रीस, साधं पिवळं ग्रीस चालत नाही, ते वितळून वाहतं. लावायचं कुठे, तर पॅडच्या कानांना आणि पाठीवर जिथे पिस्टन टेकतो तिथे, तेही नखाएवढं, पुसून उरेल तेवढंच. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला चुकून बोट लागलं तर परत क्लीनरने धुवा. जुने लोक तांब्याचं ग्रीस लावतात, मीही आयुष्यभर लावलं, पण ॲल्युमिनियमच्या कॅलिपरला आणि एबीएसच्या सेन्सरजवळ मी आता ते वापरत नाही.

मागचं डावं चाक वेगळं. तो सरकणारा कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे होतो, त्यातली एक सुकलेली असेल असा माझा अंदाज. पिन बाहेर काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. तिथे पेट्रोलियमचं ग्रीस लावलंत तर रबराचे बूट फुगतात आणि पिन अजूनच आवळली जाते. कॅलिपर सोडला की नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. आणि मागचा पिस्टन मागे घ्यायची वेळ आली तर आधी मॅन्युअल बघा, हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बऱ्याचदा पिस्टन फिरवत आत घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो सर्व्हिस मोडला टाकल्याशिवाय हातच लावायचा नाही.

सगळं लावून झाल्यावर, गाडी जागची हलवायच्या आधी, पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. हे मी चौथ्यांदा टाइप केलं असतं तरी कमी आहे. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिलं पेडल सरळ जमिनीला टेकतं. एकदा मी विसरलो होतो. शटर अजून वाकडं आहे.

जुनं_लोखंड

काका, शटरचा फोटो टाका.

धूळ फुंकू नका यावर जरा थांबून बोलतो कारण जुन्या गाड्यांवर काम करणारे अजून फुंकतात. डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये घेतलं, त्यात धातूच्या डिस्कवर तांब्याचे पॅड दाबायचे होते, आणि तेव्हापासूनच तक्रार ही, आवाज सहन होत नाही. म्हणजे ताई, तुमचा प्रश्न या ब्रेकएवढाच जुना आहे. मग १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांनी अस्बेस्टसचं अस्तर वापरायची कल्पना काढली, आवाज गेला, पॅड टिकायला पण लागले. त्यांच्या ब्रेक अस्तराच्या कंपनीचं फेरोडो हे नाव त्यांच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात एक ई घालून आलंय. पुढे १९५३ मध्ये जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेकवर ल मान्सची २४ तासांची रेस जिंकली आणि मग सगळ्यांनाच डिस्क हव्या झाल्या. पण त्या शांततेची किंमत होती, अस्बेस्टसच्या धुळीने फुप्फुसांचा कॅन्सर होतो. आता बऱ्याच देशांत त्यावर बंदी आहे, तरी जुनी गाडी, जुना साठा, कोणी कधी काय बसवलंय माहीत नसतं. म्हणून भिजवून पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

ट्रॅकवेडा

शिमवरून आठवलं, ९११ च्या बऱ्याच मॉडेलना पिस्टनच्या पोकळीत बसणारे छोटे वजनदार डॅम्पर असतात, पॅडच्या पाठीला चिकटवलेले. एका ओळखीच्याने पॅड बदलताना ते फेकून दिले, उगाच वजन कशाला म्हणून, आणि मग महिनाभर आवाज शोधत फिरत होता. कंपनी एखादा फालतू दिसणारा तुकडा उगाच बसवत नाही.

दोनसीटवाली

झालं! म्हणजे अर्धं झालं. सकाळी आठला सुरू केलं, दुपारी दोनला उठले, कंबर राहिलेली नाही.

पुढचं डावं. पिना हलेनात, दोन तास मुरायला ठेवल्या, मग हळूहळू ठोकून सरकल्या. पॅड वरून उपसायला गेले तर आतला पॅड येईचना, पक्कडने हलवत हलवत काढला. त्याच्या कानाखाली, कॅलिपरच्या खाचेत, पांढरट पिवळी पापडी जमली होती, नखाने सोलली तर तुकडाच्या तुकडा निघाला. आणि पॅडच्या तोंडात चक्क माझा चेहरा दिसेल एवढी चमक, फक्त एका कडेला, दुसरी कडा अजून नव्यासारखी मळकट. म्हणजे तीन आठवडे तो तिरकाच टेकत होता. शिम? एकाही पॅडला नाही. आठवलं, पॅड बसवले त्या दिवशी मला जुने पॅड दाखवले होते तेव्हा त्यांच्या पाठीवर काळे पत्रे होते, मी ते बघून काहीच बोलले नाही. आता नव्या शिम मागवल्यात, तोवर जुन्या कुठे मिळतात का म्हणून विचारायला गेले तर अर्थातच गेल्या.

मागच्या डाव्या चाकाचं काकांनी न बघता सांगितलं ते तसंच निघालं. खालची पिन सुकून लालसर झालेली, हाताने फिरत पण नव्हती, वरची मात्र लोण्यासारखी. आतला पॅड घासलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. बुटाला बारीक चीर आहे, तिथून पाणी गेलं असणार. पिन घासून, पुसून, ग्रीस लावून परत घातली, कॅलिपर आता दोन बोटांनी पुढेमागे होतो. नवा बूट पण शिमबरोबरच मागवलाय.

पेडल पंप केलं काका. तीन वेळा जमिनीला टेकलं तेव्हा पोटात गोळा आला, मग घट्ट झालं.

आता पुढे काय? परत जपून चालवायची नाही एवढं कळलं.

गॅरेजमधला_काका

शाब्बास. शिम आणि बूट येईपर्यंत थांबा, ते घातल्यावर बेडिंग करा, नाहीतर दोनदा करावं लागेल. चीर पडलेला बूट तसाच ठेवलात तर दोन पावसांत परत इथेच याल.

बेडिंग म्हणजे पॅड आणि डिस्कची नीट ओळख करून देणं. पॅडच्या खोक्यात कागद असेल तर त्यात लिहिलंय तेच करा, माझं ऐकू नका. कागद नसेल तर मी असं करतो. मोकळा सरळ रस्ता, मागे कोणी नाही, वेगाची परवानगी असलेला. आधी ५० वरून चार-पाच वेळा हलके ब्रेक, नुसते कोमट व्हायला. मग १०० पर्यंत जायचं आणि ठामपणे ब्रेक लावून २० पर्यंत आणायचं, एबीएस लागेल एवढा नाही, आणि पूर्ण थांबायचं नाही. लगेच परत १००. असं आठ-दहा वेळा, मध्ये ब्रेकला थंड व्हायला वेळ न देता. वास येईल, थोडा धूर पण दिसेल, घाबरू नका. पेडल मऊ पडायला लागलं तर मात्र तिथेच थांबवा आणि ब्रेक ऑइल किती जुनं आहे बघा, ते हवेतलं पाणी ओढतं, डॉट ४ कोरं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळतं पण पाणी शोषलेलं असेल तर तीच हद्द १५५ वर येते.

झालं की दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो पाय न लावता नुसती चालवा. याच वेळी लोक चुकतात. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून धरलं की त्या जागी पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि मग पुढे पेडल थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. हँडब्रेक पण लावायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा. आणि गरम डिस्कवर पाणी मारून चाकं धुवायची नाहीत, काय घाई असते लोकांना कोण जाणे. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क पान्याने, समोरासमोर आवळले होते ना?

दोनसीटवाली

नट टॉर्क पान्यानेच, समोरासमोर.

दहा दिवसांनी लिहितेय. शिम आल्या, बूट आला, परत खोललं, या वेळी सगळं मिळून दोन तासांत. बेडिंग पहाटे केलं, रस्त्यावर कुत्रं पण नव्हतं. सहाव्या ब्रेकला असा वास आला की वाटलं गाडी पेटली, पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून चालू ठेवलं. नंतर डिस्क बघितली तर आधी चांदीसारखी होती ती आता सगळीकडून एकसारखी निळसर राखाडी दिसतेय.

आवाज गेला. सिग्नलला कोणी बघत नाही, आता थोडं चुकल्यासारखं वाटतंय खरं. फक्त गाडी धुतल्यावर किंवा रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी पहिल्या दोन ब्रेकला खर्रर्र करते, मग शांत.

गॅरेजमधला_काका

तो रात्रीत चढलेला गंज आहे, दोन ब्रेकमध्ये पुसला जातो. त्याला काही करू नका.

हळूच_दाब

काका, मोकळ्या मैदानात बघितलं. गाडी थांबते, पण पेडल खूप दाबावं लागतं आणि उजवीकडे ओढते. डिस्क क्लीनरने धुतली तर तीन दिवस बरी होती, परत तेच. पॅड बदलावे लागतील का?

गॅरेजमधला_काका

हो. आणि एकाच बाजूचे नाही, दोन्ही बाजूंचे. तोवर गाडी चालवू नका. डिस्क पेपरने घासून क्लीनरने दोनदा धुवा. तो स्प्रे बिजागऱ्यांसाठी ठेवा.